मुकी पेटी

आधी घरातली माणसं सांगून टाकते, म्हणजे पुढे गोंधळ नको. मी काही सांगायला बसले की आमच्याकडची पोरं म्हणतात, झालं, हिनं आधी हजेरी घ्यायला सुरुवात केली. घेते. वर्गात कोण बसलंय ते ठाऊक नसेल तर शिकवायचं कुणाला? तर आमच्या वडनेरच्या घरात बाबा होते, माय होती, माझा थोरला भाऊ वसंता होता, ज्याला मी दादा म्हणायचे, आणि मी. गंगूआत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, हिचं सासर आमच्याच गल्लीच्या दुसऱ्या टोकाला होतं. पण तिचा दिवस उजाडायचा आमच्या ओसरीवर आणि मावळायचाही तिथंच. आणि करीमचाचा. ते बैलांना नाल ठोकायचे आणि बाबांचे लहानपणापासूनचे दोस्त होते. दोघं एकमेकांशी भांडल्याशिवाय चहा पीत नसत.

घर शेतकऱ्याचं. पहाटे मायच्या जात्याचा आवाज, मग बैलांच्या गळ्यातल्या घंटा, मग भाकरी थापल्याचा तो एकसारखा थप थप आवाज, आणि त्यावर बाबांचं खाकरणं. ह्या आवाजांत दादानं आणखी एकाची भर घातली होती. गोठ्याशेजारी ढेप आणि सरकी ठेवायची खोली होती, तिथं एका कोपऱ्यात त्यानं जुनी दारं आडवी टाकून टेबल केलं होतं. तिथं तो तारा जोडायचा. जोडाला कथलाचा डाख द्यायची लोखंडी कांडी तापवायला त्याला विस्तव लागे, आणि विस्तव घरात एकच, मायच्या चुलीतला. त्यामुळे एका बाजूला तव्यावर भाकरी आणि दुसऱ्या बाजूनं जाळात खुपसलेली दादाची कांडी, असा आमचा स्वयंपाक चाले. कांडी लाल झाली की दादा ती फडक्यात धरून अंगणातून पळत सुटायचा. मग खोलीतून चर्रर असा आवाज यायचा आणि राळेचा वास. माय म्हणायची, "सुमे, पाह्य बरं, त्यानं माह्यं फडकं नेलं का पुन्हा?" नेलेलं असायचंच.

दादा रेडिओ बांधत होता. विकत घेतलेला नव्हे, बांधलेला. गावात नुकतीच लाइट आली होती. आमच्या घरात दोन बल्ब, एक ओसरीत आणि एक चुलीपाशी. भिंतीत दुसरं काहीही खुपसायची सोय नव्हती आणि तशी कुणाला गरजही वाटत नव्हती. दादाचं मॅट्रिक दोनदा राहिलं होतं. त्यानंतर त्यानं पोस्टानं एक अभ्यासक्रम मागवला. महिन्याला एक पाकीट यायचं, इंग्रजीत. ते तो डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचायचा. बाबांना ह्याची भारी मौज वाटे. "डाकेतून रेडिओ शिकून राह्यला म्हंते. उद्या डाकेतून पोहनं शिक. पाकीट फोडायचं अन् विहिरीत उडी घ्यायची."

दादा हसायचा. तो चिडायचा नाही, हा त्याचा गुण. आणि ऐकायचाही नाही, हाही त्याचाच.

आता माझं. मी सातवी पास होऊन घरी बसले होते. गावातली शाळा सातवीला संपायची. पुढची शाळा नांदुऱ्याला. मास्तर घरी येऊन सांगून गेले होते की पोरगी हुशार आहे, दिवाळीनंतरसुद्धा नाव घालून घेऊ, पण त्याच्या पुढे जमणार नाही. बाबा शिक्षणाच्या विरुद्ध होते असं कुणी लिहिलं तर ते खोटं ठरेल. त्यांचा प्रश्न सरळ होता. "एकटी पोर नांदुऱ्यात राहीन कोनाच्या घरी?" दादाच्या डोक्यात मात्र नांदुऱ्याच्या बसस्टँडच्या रस्त्यावर रेडिओ दुरुस्तीचं दुकान उघडायचं होतं. दुकानामागे एक खोली. खोलीत तो राहणार. मग त्याच्या भाकरी कोण थापणार? मायनं हा प्रश्न एकदा जेवताना अगदी सहज विचारला आणि माझ्याकडे न बघता माझ्या ताटात वरण वाढलं. मला भाकरी थापता येत नव्हती. माझी भाकरी आत्याच्या शब्दात हिंदुस्थानच्या नकाशासारखी व्हायची, तेसुद्धा फाळणीनंतरच्या. पण त्या रात्रीपासून मी सराव सुरू केला आणि नांदुऱ्याला काय काय न्यायचं ह्याची यादी करायला घेतली. मला यादीशिवाय काही सुचत नाही. तेव्हाही सुचत नसे.

म्हणजे दादाचं दुकान उघडलं तर माझी शाळा. नाही उघडलं तर मी वडनेरात, आणि पुढच्या उन्हाळ्यात कुणीतरी पाव्हणे पोहे खायला. गणित एवढं साधं होतं.

ते साधं गणित बाबांनी पोळ्याच्या दिवशी सगळ्यांसमोर मांडलं. करीमचाचा बैल बघायला आले होते, आत्या बैलांना ओवाळून पोळीचा घास देत होती, आणि दादानं नेमका तेव्हा दुकानाचा विषय काढला. बाबांनी बैलाच्या शिंगाला बांधलेलं बाशिंग नीट केलं आणि म्हणाले, "असं कर. दसऱ्याले, सोनं वाटाच्या वक्ताले, तुही पेटी ह्या ओसरीत बोलली पाह्यजे. बोलली त दुकान घे, मी आडवा येनार नाई. नाई बोलली त दुसऱ्या दिवशी वखर धरायचा अन् पुन्हा पाकिटं मागवाची नाई. करीम, तू गवाह."

"मी गवाह," करीमचाचा म्हणाले. "लेकिन पेटी गालीगलोच करीन त जिम्मेदारी माह्यी नाई."

"अन् माह्या खनाचं काय?" आत्यानं विचारलं. दादानं तिच्याकडून तिच्या लग्नातल्या रेशमी खणाचा तुकडा मागून नेला होता, स्पीकरच्या तोंडावर लावायला. "माह्या खनाले तोंड फुटलं पाह्यजे हो, वसंता. नाईतर मी परत चोळी शिवून घेईन."

पुढे काय झालं ते कळायला आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी. खंडेनवमीला हत्यारं पुजायची रीत सगळीकडेच असते. बाबा मात्र त्याची तयारी घटस्थापनेच्या दिवशीच सुरू करायचे. विळे, कुऱ्हाड, वखराची पास, तिफणीचे फाळ, गाडीची पितळी फुलं, मायची विळी, आत्याचा अडकित्तासुद्धा, सगळं भिंतीवरच्या खुंट्यांवरून खाली उतरायचं. राखेनं घासायचं, धुवायचं, उन्हात वाळवायचं, आणि मग चिंधीनं जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यायचा. तो वाळला की दुसरा. जवसाच्या तेलाची गंमत अशी की ते इतर तेलांसारखं ओलं राहत नाही. नवरात्राच्या कडक उन्हात आठ दिवसांत त्याचं पापुद्र्यासारखं कवच होतं. वर पाणी टाका, थेंब उभा राहील. लोखंड गंजत नाही, पितळ काळं पडत नाही. हे काम बाबा कुणालाही करू देत नसत. आम्ही पोरांनी मदतीला हात पुढे केला की म्हणायचे, "तुमी पूजा करा. तेल मी लावतो." त्या दिवसांत घरभर जवसाचा तो कडवट, थोडा माशासारखा वास भरून राहायचा. जेवणात जवसाची चटणी, हत्यारांना जवसाचं तेल. आजही नवरात्र म्हटलं की मला झेंडूच्या आधी तोच वास आठवतो.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी दादा रेडिओचा सांगाडा घेऊन नांदुऱ्याला गेला. तिथं एक ओळखीचे रेडिओवाले होते, त्यांच्या दुकानात, त्यांच्या तारेवर त्यानं तो लावून बघितला. रेडिओ बोलला. मग तिथल्याच सुताराकडे सागवानी पेटी करायला टाकली आणि पेटी होईपर्यंत तो त्या दुकानात हाताखाली राहिला. मधे एकदा येऊन त्यानं हे सगळं सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "नांदुऱ्यात बोलते, वडनेरात नाई. पेटी शहरातली दिसते. शेतकऱ्याशी बोलायची लाज वाटत असन तिले."

दसऱ्याच्या सकाळी दादा पहिल्या बसनं आला. चादरीत गुंडाळलेली पेटी त्यानं सगळ्या वाटेनं मांडीवर धरली होती, तान्ह्या पोरासारखी. ओसरीत बल्बच्या बरोबर खाली तिवई मांडली, तिच्यावर पेटी ठेवली आणि चादर काढली. सागवान चकचकीत, पुढे आत्याचा अंजिरी खण ताणून बसवलेला, त्याच्या खाली काचेची पट्टी आणि दोन गुंड्या. आत्या पुढे झाली आणि खणावरून बोटं फिरवली. मायनं हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, झेंडूची माळ घातली. शेजारी हत्यारांची रांग मांडलेली होती, तेलानं चमकणारी. पुरणपोळ्या झाल्या, सार झालं, कुरडया तळल्या. मी पोळी खाल्ली पण पुरणाची चव काही लागली नाही. दुपारभर मी पेटीभोवती घिरट्या घातल्या. शेवटी माय म्हणाली, "तिले नजर लावशीन. भांडे घास."

संध्याकाळी पुरुष मंडळी सीमेवर जाऊन आपट्याची पानं घेऊन आली. ओसरी भरली. शेजारपाजारची माणसं सोनं देऊन निघायच्या ऐवजी तिथंच टेकली, कारण शर्त सगळ्या गावाला ठाऊक होती. दादानं आपल्या खोलीतून तार आणली. आता ही तार कशी होती ते सांगते. भिंतीत सोय नव्हती, म्हणून तारेच्या एका टोकाला बल्बासारखीच होल्डरात दाबून फिरवायची टोपी होती, काळी, तिच्या तोंडाशी पितळेचे दोन डोळे. दुसरं टोक पेटीला जोडून बल्बाच्या जागी ती टोपी लावायची, म्हणजे बल्बाची लाइट रेडिओला मिळणार. अर्थात रेडिओ लावायचा तर दिवा काढायचा. आत्यानं लगेच विचारलं, "म्हंजे आयकायचं अंधारात?"

"डोळ्यानं थोडंच आयकतो, बाई," बाबा म्हणाले.

मायनं कंदील आणून ठेवला. दादानं स्टुलावर चढून बल्ब काढला, टोपी दाबून फिरवली, खाली उतरला, गुंडीला हात लावला आणि टक असा आवाज करून ती फिरवली.

काही झालं नाही.

"जरा गरम व्हा लागते," दादा म्हणाला. "वॉल्व्ह गरम झाल्याबिगर बोलत नाई."

हे त्यानं आधी सांगून ठेवलं होतं, त्यामुळे सगळे समजूतदारपणे बसून राहिले. एका म्हाताऱ्यानं पेटीला हात लावून बघितला आणि मान हलवली. अजून गरम नव्हती. करीमचाचा म्हणाले, "इतक्या वक्तात त माह्या भट्टीवर चार नाल लाल झाले असते." दादाच्या कपाळावर घाम आला होता. मला कळलं. काचेच्या पट्टीमागे एक चिमुकला दिवा असतो, तो लगेच लागायला हवा होता, हे त्यानं मला मागंच दाखवलं होतं. तो लागला नव्हता.

मग तपासणी सुरू झाली. दादानं टोपी काढली आणि बल्ब लावला. लख्ख उजेड. बल्ब काढून टोपी लावली. अंधार. पुन्हा बल्ब, पुन्हा टोपी. ओसरीत उजेड, अंधार, उजेड, अंधार. शेजारच्या बायका अंगणातून विचारू लागल्या, हे काय चाललंय? लाइट येत होती, एवढं ठरलं. दादानं पेटीची मागची फळी उघडली. फ्यूजची तार शाबूत होती, तरी त्यानं ती बदलली. काचेचे वॉल्व्ह एकेक दाबून बसवले. आत्या म्हणाली, "वैनी, तुम्ही अक्षदा लय जोरानं टाकल्या. गेल्या असतीन आत." दादानं चिडून पेटी तिरपी केली, तर खरोखरच तांदळाचे चार दाणे खाली पडले. सगळी ओसरी हसली. माय लाजून आत गेली. दाणे निघाले तरी पेटी मुकीच.

दादानं तार तपासली. आता हे नीट लक्षात ठेवा, कारण अडचण इथंच होती. त्यानं टोपी उघडली, आतल्या स्क्रूंना टॉर्चचा सेल आणि छोटा बल्ब लावून बघितला. बल्ब लागला. तार चांगली. त्यानं टोपी बंद केली आणि तारेचा विषयही बंद केला. होल्डर चांगला, तार चांगली, म्हणजे दोष पेटीत. आणि पेटीतला प्रत्येक जोड त्यानं स्वतः दिलेला. त्याला स्वतःच्या हाताचा संशय येऊ लागला. बसमध्ये धक्के बसून डाख सुटला असणार, असं त्यानं ठरवलं. कांडी आली, चुलीत गेली. पोळीच्या तव्याशेजारी पुन्हा ती लाल झाली, पुन्हा दादा अंगणातून धावला, या वेळी सगळ्या गावासमोर.

"मुक्या पेटीचंही लायसन लागते का हो पोस्टात?" कुणीतरी विचारलं. दादानं रेडिओचं लायसन आधीच काढून ठेवलं होतं, हेही गावाला ठाऊक होतं.

"मुकी हाये म्हनून अर्धंच लागन," दुसऱ्यानं उत्तर दिलं.

बाबा भिंतीला टेकून तंबाखू मळत बसले होते. आधी त्यांनीही दोन चार टोमणे मारले. "पाकिटातलं एखादं पान हरवलं असन बे." पण मग ते थांबले. दादानं एकाच जोडाला दोनदा डाख दिला होता. बाबांनी तिकडून नजर काढून घेतली. लोक उठू लागले. सोनं घ्या, सोन्यासारखं राहा, म्हणत एकेक जण पायरी उतरत होता. जो तो दादाच्या हातावर आपट्याचं पान ठेवताना थोडं जास्तच हळू ठेवत होता. ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

शेवटी बाबा म्हणाले, "राहू दे वसंता. खूप केलं. सकायी वखराले लवकर जायाचं हाये."

ते चिडून बोलले नव्हते. म्हणूनच ते संपल्यासारखं वाटलं. दादानं स्टुलावर चढून टोपी काढली, बल्ब लावला, आणि तार माझ्याकडे फेकली. "गुंडाळ ही."

मी तार गुंडाळू लागले. रडायचं नाही असं ठरवलं की मला हाताला काम लागतं, आणि काम नीट करावंसं वाटतं. कोपर आणि अंगठा यांच्यात मी तारेचे सारखे वेढे घेतले आणि शेवटी टोपी त्यात अडकवायला हातात धरली. बोट तिच्या तोंडावरच्या पितळी डोळ्यांवर गेलं. पितळ हाताला गार लागतं. हे गार लागेना. गुळगुळीत होतं, अडकित्त्याच्या दांड्यासारखं. मी नखानं खरवडलं तर नखाखाली मेणासारखं काहीतरी आलं. नाकाशी धरलं.

"माय," मी ओरडले, "याले जवसाच्या तेलाचा वास येऊन राह्यला!"

माय दारात आली. दादा स्टुलावरच वळला. आत्या म्हणाली, "तुह्याच हाताले येत असन, भांडे घासून घासून." करीमचाचांनी टोपी घेतली, वास घेतला, आणि हळूच मान फिरवून बाबांकडे बघितलं. मग दादानं बघितलं. मग आम्ही सगळ्यांनीच.

बाबांचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला होता.

आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाच्या पुढे गेले आहे आणि तो क्षण मला त्यांच्या बाजूनं दिसतो. शर्त त्यांनी जिंकली होती. उद्या वखर धरायला मुलगा होता. नुसतं म्हणायचं होतं, "असन काही." अर्धे लोक गेले होते, उरलेल्यांनी ते मानलंही असतं. त्यांनी तंबाखू झटकली, उठले, करीमचाचांच्या हातातून टोपी घेतली आणि हत्यारांच्या रांगेतला विळा उचलला. पूजा केलेलं हत्यार दसऱ्याच्या दिवशी ते कुणाला हलवू देत नसत. विळ्याच्या टोकानं त्यांनी पितळेचे ते दोन डोळे खरवडले, कोरडी राख आणून चिंधीनं घासले, धोतराच्या सोग्यानं पुसले, आणि बल्बाकडे धरून बघितलं. पितळ नव्या नाण्यासारखं दिसत होतं.

"दोन हात देल्ले होते," ते म्हणाले. "चांगलं वाळलं होतं."

त्यात तक्रार होती. एवढं चांगलं काम खरवडावं लागलं म्हणून.

"बाबा," दादा म्हणाला, "तेलातून लाइट जात नाई."

"मंग तुह्या पोस्टातल्या मास्तरनं तसं लिहाले पाह्यजे होतं. लाव."

दादानं तार पुन्हा पेटीला जोडली, बल्ब काढला, टोपी लावली. अंधारात गुंडीचा टक आवाज आला आणि काचेच्या पट्टीमागे हळदीच्या रंगाचा उजेड उमटला. मग आत्याच्या खणामागून आधी माशी घोंगावल्यासारखा आवाज आला, तो मोठा झाला, खरखरला, दादानं दुसरी गुंडी फिरवली, आणि एक माणूस मोठ्यानं, घाईघाईनं बोलू लागला. आवाज स्वच्छ. भाषा मात्र कुठली तरी दक्षिणेकडची, एक अक्षर कळेना. पायऱ्यांवरून माणसं परत वर आली.

"हे काय बोलून राह्यला?" बाबांनी विचारलं.

"कोनाले समजते?" आत्या म्हणाली. "पन माह्या खनातून बोलून राह्यला हो!"

"मले एक शब्द समजला नाई," बाबा म्हणाले. "ह्याले बोलनं म्हनाचं का, करीम?"

करीमचाचांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. गवाह म्हणून ते आयुष्यात पहिल्यांदाच उभे राहिले होते आणि ही संधी ते घाईनं संपवणार नव्हते. ते पेटीजवळ गेले, कान लावला, परत आले. "शर्त बोलायची होती," ते म्हणाले. "समजायची नव्हती. तुमचंही बोलनं मले लय वेळा समजत नाई, भाऊ. म्हनून काय तुमाले मुकं म्हनू?"

ओसरी इतकी हसली की पेटीतला माणूस ऐकूच येईना. बाबाही हसले, आणि हसता हसता त्यांनी दादाच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं, जे त्यांनी इतका वेळ दिलं नव्हतं. पुढे कित्येक वर्षं करीमचाचा सांगत, मी त्या दिवशी आधीच म्हणालो होतो, बैल अडला की आधी खूर पाहा. ते असं काही म्हणाले नव्हते. मी तिथंच होते.

दिवाळीनंतर बाबांनी आम्हाला बैलगाडीतून नांदुऱ्याला पोचवलं. गाडीत दादाची पेटी, माझी ट्रंक, मायनं दिलेलं पीठ, आणि जवसाच्या चटणीची बरणी, जी माझ्या यादीत नव्हती. नाव घातलं गेलं. भाकरी पहिले काही महिने दादानं मुकाट्यानं खाल्ली, अगदी नकाशासकट, आणि मी पुढे मास्तरीण झाले. पण ते सगळं इथं नको.

गाडीतलं एकच सांगते. वाटेत मी बाबांना विचारलं होतं, "बाबा, तारेले तेल काऊन लावलं होतं?"

"खुटीवर दिसली," ते पुढे बघतच म्हणाले. "विळ्यापाशी. खुटीवरच्या समद्यालेच लावतो."

मला ते पटलं. दादा मात्र माझ्याकडे झुकला आणि बैलांच्या घंटांच्या आवाजाखाली पुटपुटला, "मी त ती माह्या पेटाऱ्यात ठेवून गेलो होतो. पसाऱ्याच्या खाली. आलो तेव्हाही पेटाऱ्यातच होती."

म्हणजे दादा नांदुऱ्याला असताना कुणीतरी ती शोधून काढली होती, तीही दादाचं हत्यारच समजून बाकीच्या हत्यारांबरोबर उन्हात वाळवली होती, दोन हात दिले होते, आणि जागच्या जागी परत ठेवली होती. दसऱ्याच्या कितीतरी आधी. मी बाबांच्या पाठीकडे बघितलं. त्यांनी कासरा ओढला, डावीकडच्या बैलाला उगाचच एक शिवी दिली, आणि मागे न वळता म्हणाले, "वसंता, पुढच्या दसऱ्याले पेटी घेऊन येजो. पूजेले. तेल नाई लावत मी, बस."